देवरिया ताल : एका दिवसाची सोपी वाट

(मंडळाच्या मासिक सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



हिमालय म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दोनच चित्रे येतात. एक म्हणजे बर्फ, दोर, कुऱ्हाडी आणि पाठीवर ओझे घेतलेले धाडसी वीर. दुसरे म्हणजे चारधामची यात्रा, तिच्यातली गर्दी, डोली आणि पुण्याचा हिशेब. पहिले आपल्यासाठी नाही असे आपण धरून चालतो, आणि दुसरे एकदा घडले की जन्माचे सार्थक झाले म्हणून गप्प बसतो. मी आज ज्या वाटेविषयी बोलणार आहे ती या दोन्हींतली नाही. सकाळी शिदोरी बांधून निघावे, एका तळ्याच्या काठी बसून ती सोडावी, आणि दिवेलागणीच्या पुष्कळ आधी खाली गावात चहाला यावे, एवढीच ही गोष्ट आहे. गेल्या वर्षी दिवाळी आटोपल्यावर आपल्या मंडळातल्या आम्ही बाराजणी तिथे जाऊन आलो. यंदा पुन्हा जायचे घाटते आहे. तेव्हा जाणाऱ्यांनी, आणि विशेषतः 'छे, मला कुठले झेपते' असे म्हणणाऱ्यांनी, हे ऐकावे अशी इच्छा आहे.

या तळ्याचे नाव देवरिया ताल. ते उत्तराखंडच्या रुद्रप्रयाग जिल्ह्यात, मंदाकिनीच्या खोऱ्याच्या वरच्या अंगाला आहे. ऋषिकेशहून भल्या पहाटे गाडीने निघायचे. देवप्रयागला अलकनंदा आणि भागीरथी भेटतात आणि पुढे त्यांचे नाव गंगा होते, तो संगम रस्त्यावरूनच दिसतो. रुद्रप्रयागला अलकनंदा सोडून मंदाकिनीच्या काठाने वळायचे. अगस्त्यमुनी हे गाव मागे पडले की कुंड नावाचे ठिकाण येते. तिथून एक रस्ता गुप्तकाशीवरून केदारनाथाकडे जातो आणि दुसरा नदीच्या अलीकडच्या काठाने वर उखीमठाला चढतो. ऋषिकेशपासून उखीमठ सुमारे १८० किलोमीटर. अंतर ऐकून फसू नका, घाटाचा रस्ता आहे, सगळा दिवस गाडीत जातो. मुक्काम उखीमठलाच करावा.

उखीमठ हे नाव उषेवरून पडले असे तिथले लोक सांगतात. बाणासुराची मुलगी उषा. तिने स्वप्नात एक तरुण पाहिला, आणि तिची सखी चित्रलेखा हिने देवदानवांची आणि राजपुत्रांची चित्रे काढून काढून तो श्रीकृष्णाचा नातू अनिरुद्ध आहे हे शोधून दिले, ही कथा आपल्याला ठाऊक आहेच. त्यांचे लग्न इथे लागले अशी समजूत आहे. मैत्रिणीसाठी एवढी चित्रे काढणाऱ्या चित्रलेखेचे मात्र तिथे कोणी नाव घेत नाही, हे मी आपले जाता जाता नोंदवून ठेवते.

दिवाळीनंतर जाण्यात आणखी एक लाभ आहे. केदारनाथाचे देऊळ भाऊबीजेला बंद होते, आणि देवाची पंचमुखी उत्सवमूर्ती डोलीतून खाली उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात येते. पुढचे सहा महिने पूजा तिथेच. म्हणजे ज्यांना केदारचा चढ झेपत नाही त्यांना देवच भेटायला खाली आलेला असतो. घरच्या मंडळींना सहलीचे कारण सांगताना याचा फार उपयोग होतो, हे निराळे सांगायला नको.

आता वाटेकडे वळते. उखीमठहून चोपत्याकडे जाणाऱ्या रस्त्याने बारा-तेरा किलोमीटर गेले की सारी नावाचे गाव लागते. इथे गाडी सोडायची. तळे इथून जेमतेम तीन किलोमीटर वर. सारी समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटर उंचीवर आहे आणि तळे सुमारे २,४०० मीटरवर. हे आकडे ऐकून छाती दडपते, म्हणून आपल्या ओळखीच्या मापाने सांगते. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे आपण चालायला सुरुवात करतो ती जागाच कळसूबाईच्या माथ्याहून उंच आहे; पण तिथवर आपल्याला गाडीने आणून सोडलेले असते. उरतो तो ४०० मीटरचा चढ. पुण्याची पर्वती ज्यांना रोजची आहे त्यांनी ती एका दमात न चढता, वाटेत बसत बसत, पाच वेळा चढलो असे समजावे. आतकरवाडीकडून सिंहगड चढणाऱ्या आपल्या भगिनींना तर हा चढ त्याहून कमीच वाटेल. आम्हाला वर जायला दोन तास लागले आणि उतरायला सव्वा तास. तरुण मुली तासाभरात जातात. त्यांच्याशी आपली स्पर्धा नाही.

वाट चांगली दगडांनी बांधलेली आहे. गावातून निघाली की प्रथम घरांच्या अंगणांवरून जाते. पाटीच्या दगडांची छपरे, अंगणात वाळत घातलेले धान्य, आणि पायऱ्यापायऱ्यांची शेते. मी कुतूहलाने विचारले तर कळले की ते 'मंडुआ' म्हणतात ती आपली नाचणी, आणि 'गहत' म्हणतात तो आपला कुळीथ. थंडीत तिकडे गहताचे फाणू करतात. आमच्यातल्या कोकणातल्या दोघींनी ते ऐकताच तिथल्या गृहिणीबरोबर कुळथाच्या पिठल्याची चर्चा सुरू केली. एकीला हिंदी नीट येत नव्हते आणि दुसरीला मराठी मुळीच नाही, तरी फोडणीपर्यंत सगळे समजले. तिथून त्यांना हलवायला दहा मिनिटे गेली.

गाव संपले की महादेवाचे एक दगडी देऊळ लागते, आणि मग झाडी सुरू होते. बांज म्हणजे ओकच्या जातीचे झाड, आणि बुरांस. बुरांस हे उत्तराखंडचे राज्यवृक्ष आहे. फाल्गुन-चैत्रात त्याला लालभडक फुलांचे गुच्छ येतात आणि त्या फुलांचे सरबत करतात. आम्ही गेलो तेव्हा फुले नव्हती, पण सरबताची बाटली मिळाली. बांजाचे मोल मात्र तिथल्या बायकांना विचारावे. त्याचा पाला गुरांना चारा, त्याच्या वाळक्या फांद्या चुलीला, आणि ज्या डोंगरावर बांज आहे त्या डोंगराचे झरे टिकतात अशी त्यांची पक्की समजूत. वर जाताना आम्हाला पाठीवर पाल्याचे मोठमोठे भारे घेऊन उतरणाऱ्या बायका भेटल्या. त्यांतली एक नक्की साठीची होती. आम्ही हातात पाण्याची बाटली घेऊन धापा टाकत होतो आणि ती भाऱ्याखालून हसून आम्हाला धीर देत होती. ज्या वाटेला आपण सहल म्हणतो ती कोणाचे तरी रोजचे काम असते, हे त्या हसण्याने कळले.

अशाच बायकांनी या मुलखात जो इतिहास घडवला तो आपल्या मंडळाने विसरू नये असा आहे. चोपत्याहून गोपेश्वरकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एक गाव आहे, त्याचे नावच मंडल. तिथे १९७३ च्या एप्रिलमध्ये खेळाचे सामान करणाऱ्या एका कंपनीला झाडे तोडू द्यायची नाहीत म्हणून गावकरी उभे राहिले. चिपको आंदोलनाची ती सुरुवात. पुढच्या वर्षी, २६ मार्च १९७४ रोजी, जोशीमठाच्या वरच्या रेणी गावात झाडे तोडणारे आले, ते नेमके गावातले पुरुष नुकसानभरपाईच्या कामासाठी चमोलीला गेलेले असताना. गौरादेवी नावाच्या बाईने गावातल्या बायकामुली गोळा केल्या. सगळ्या मिळून सत्तावीस. त्या जंगलात जाऊन झाडांपुढे उभ्या राहिल्या आणि तोडणाऱ्यांना परत जावे लागले. या गौरादेवी कोण होत्या? रेणी गावच्या महिला मंगल दलाच्या अध्यक्षा. म्हणजे आपल्यासारख्याच एका मंडळाच्या अध्यक्षीणबाई! त्यांच्या मंडळाकडे ना सभागृह होते ना स्मरणिका.

असो. शेवटचा चढ संपला की झाडी एकदम बाजूला होते आणि समोर गवताचे सपाट मैदान येते. अशा मैदानाला तिकडे बुग्याळ म्हणतात. त्याच्या मधोमध देवरिया ताल. तळे मोठे नाही. काठाकाठाने रमतगमत फिरले तरी पाव तासात फेरी पुरी होते. पाणी हिरवट, तीन बाजूंनी जंगल, आणि उत्तरेकडे मोकळे आकाश. त्या आकाशात चौखंबा उभा असतो. चार शिखरांचा म्हणून चौखंबा. त्यातले सर्वांत उंच ७,१३८ मीटर. सकाळी वारा सुटण्याच्या आधी गेलात तर हा सबंध पर्वत बर्फासकट पाण्यात उलटा दिसतो. वाऱ्याची एक झुळूक आली की मोडतो आणि पुन्हा जुळतो. हे पाहायचे तर सारीहून उजाडताच, सहा-साडेसहाला, निघाले पाहिजे. दहानंतर बहुधा वारा आणि ढग दोन्ही येतात, आणि मग तुम्ही एक छानसे तळे पाहून परत याल, चौखंबा नाही.

देव इथे स्नानाला येत म्हणून हे देवरिया, अशी एक कथा. दुसरी कथा महाभारतातली. वनवासाच्या अखेरीस पांडव तहानेने व्याकूळ झाले. नकुल पाणी शोधायला गेला. तळ्याजवळ येताच आवाज आला, की आधी माझ्या प्रश्नांची उत्तरे दे, मग पाणी पी. त्याने ऐकले नाही, प्यायला आणि पडला. मग सहदेव, अर्जुन, भीम. चौघेही पडले. शेवटी धर्मराज आला, थांबला, आणि यक्षाच्या प्रश्नांना उत्तरे देऊ लागला. ते तळे हेच, असे सारीचे लोक सांगतात. पाकिस्तानातल्या कटासराजचे कुंड हेही तेच तळे मानले जाते. यक्षाचा पत्ता शोधण्याच्या भानगडीत आपण पडू नये. पण त्या काठावर बसून ती गोष्ट आठवली की निराळी वाटते, एवढे खरे.

त्या प्रश्नोत्तरांत यक्ष विचारतो की गवताहूनही संख्येने जास्त काय आहे, आणि धर्मराज चिंता असे उत्तर देतो. आमच्यातली एक जण सभोवारचे सगळे बुग्याळ पाहून म्हणाली, 'मोजून पाहायला हरकत नाही, पण आज नको.' आम्ही हसलो. खरे तर त्या दिवशी सकाळपासून कोणीही घरी फोन करून दूध तापवले का, असे विचारले नव्हते.

पण मला अधिक मोलाचा वाटतो तो गोष्टीचा शेवट. प्रसन्न होऊन यक्ष म्हणतो, एका भावाला उठवतो, कोणाला ते सांग. युद्ध तोंडावर आलेले. भीमाचे बळ हवे, अर्जुनाचे धनुष्य हवे. धर्मराज नकुलाचे नाव घेतो. कारण विचारल्यावर सांगतो, की कुंतीचा एक मुलगा मी जिवंत आहे, माद्रीचाही एक असावा. जी आता या जगातही नाही अशा सावत्र आईच्या वाट्याचा त्याने विचार केला. लहानपणी ही गोष्ट ऐकताना आपले लक्ष प्रश्नांकडे असते. संसार केलेल्या बाईचे लक्ष या वाटणीकडे जाते.

आणि आता आमच्या सहलीतली एक हकीगत सांगते. निघण्यापूर्वी आम्ही एक नियम केला होता. दोघीदोघींच्या जोड्या करायच्या, आणि जोडीतली एक परत फिरली तर दुसरीने तिच्याबरोबर परत फिरायचे. एकटीला कुठे सोडायचे नाही. अर्ध्या वाटेवर आमच्यातल्या एका वडीलधाऱ्या भगिनींचा गुडघा धरला. जबरदस्ती नको म्हणून त्यांनी स्वतःच परतायचे ठरवले, आणि ते शहाणपणाचेच होते. त्यांच्या जोडीला जी होती ती मात्र या सहलीसाठी चार महिने रोज पहाटे टेकडी चढत होती. तिच्या घरी या जाण्यावरून बरीच बोलणी झाली होती. सासूबाईंची औषधे, मुलाची परीक्षा, आणि 'तिथे जाऊन तू काय करणार' हा प्रश्न. सगळ्याची व्यवस्था लावून ती आली होती. आम्ही तिला म्हटले की जोडी बदलू, आमच्यातली एक जण खाली जाईल. तिने मान हलवली. 'नियम मला सोडून केला होता का?' एवढेच म्हणाली, आणि त्यांचा हात धरून उतरू लागली. दुसऱ्या दिवशी आमची परतीची गाडी ठरलेली होती. आम्ही खाली आलो तेव्हा दोघी चहाच्या दुकानात बसल्या होत्या. तिने एकच विचारले, 'पाण्यात दिसला का?' दिसला म्हणून सांगताना आम्हाला आनंद झाला नाही.

ही भगिनी आज या सभेत बसली आहे. तिचे नाव मी घेत नाही, तिला आवडायचे नाही. परंतु यंदाच्या सहलीत सारीला एक दिवस अधिक मोकळा ठेवायचा असे आम्ही ठरवले आहे, म्हणजे एक दिवस कोणाचा गेला तर दुसरा हाताशी राहील. आणि यादीतले पहिले नाव कोणाचे, हे चिटणीसबाईंना ठाऊक आहे.

आता थोडे व्यवहाराचे.

पावसाळ्यात जायचे नाही. त्या काळात दरडी कोसळतात आणि रस्ते बंद पडतात. याच मंदाकिनीच्या खोऱ्यात २०१३ च्या जूनमध्ये काय झाले ते आपण विसरलेल्या नाही. केदारनाथाच्या वरचे चोराबारी ताल, ज्यात १९४८ साली गांधीजींच्या रक्षेचा काही भाग विसर्जित केला होता आणि म्हणून ज्याला गांधी सरोवर म्हणत, ते अतिवृष्टीने फुटले आणि पाणी-दगडांचा लोंढा खाली आला. हजारो माणसे गेली. डोंगरातले तळे नेहमीच आरसा नसते. दिवाळीनंतरचे दोन-तीन आठवडे किंवा बुरांस फुलतो तो चैत्र, हे दोन काळ चांगले. दिवाळीनंतर थंडी कडाक्याची असते, पण आकाश स्वच्छ मिळते.

२,४०० मीटरवर दम लागतो, मात्र विरळ हवेचा खरा त्रास साधारणपणे याहून वर सुरू होतो. तरीही ज्यांना हृदयविकार, दमा किंवा रक्तदाब आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, आणि ते नको म्हणाले तर ऐकावे. आदल्या दिवशी उखीमठला मुक्काम केला की शरीराला उंचीची सवय होते. चढताना बोलता येईल इतक्याच वेगाने चालावे. बोलणे बंद पडले तर थांबावे. हा नियम आपल्या मंडळाला पाळायला अवघड जाऊ नये. सारी गावात सांगून ठेवले तर खेचर मिळते, त्यात कमीपणा काही नाही.

बूट नवे घेऊ नयेत, निदान महिनाभर वापरलेले असावेत. हातात काठी हवीच. चढताना नव्हे, उतरताना तिची किंमत कळते, कारण गुडघे उतारावर दुखतात. साडीपेक्षा सलवार किंवा विजार सोयीची. अंगावर एक जाड कपडा घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ घालावेत, म्हणजे ऊन चढेल तसे काढता येतात. पाणी प्रत्येकीने आपले आपण न्यावे. तळ्याचे पिऊ नये. यक्षाची भीती म्हणून नव्हे, गुरे तिथेच पितात म्हणून. खायला दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळ-शेंगदाणे. ओलसर भाज्या आणि डब्यांची चळत नको. मागच्या खेपेला श्रीखंडाचा डबा वरपर्यंत चढला होता. कोणाच्या पिशवीतून ते विचारू नका, खाल्ले सगळ्यांनी.

आणि शेवटचे, पण माझ्या मते पहिले. तळ्याच्या काठावर वनखात्याची चौकी आहे, शुल्क भरून पावती घ्यावी लागते. पूर्वी या बुग्याळांवर तंबूच तंबू लागत आणि मागे बाटल्या, पिशव्या, राख उरे. २०१८ साली उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने बुग्याळांत रात्रीच्या मुक्कामास मनाई केली. हे चांगलेच झाले. परंतु दिवसा जाणाऱ्यांचा कचराही कचराच असतो. मागच्या खेपेला आम्ही एक रिकामी पोतडी बरोबर नेली, आपला कचरा तिच्यात घातलाच, वर काठावर दिसला तोही गोळा करून खाली आणला. आजचा यक्ष पृथ्वीहून जड काय असे विचारत बसणार नाही. 'बाई, बाटली कुठे टाकलीस?' असे विचारील, आणि त्याचे उत्तर आपल्याला देता आले पाहिजे.

भगिनींनो, आपण बायका घराबाहेर पडतो तेव्हा बरोबर एक कारण घेऊन पडतो. लग्नकार्य, बाळंतपण, आजारपण, नाही तर देवदर्शन. नुसते डोंगर चढून पाणी पाहायला जाणे हे कारण म्हणून कोणाला पटत नाही. ते कारण पुरेसे आहे. देवरिया ताल अवघड नाही. तिथवर जाण्यातला अवघड भाग सारीपासून सुरू होत नाही, तो आपल्या उंबऱ्यापासून सुरू होतो. आणि तो भाग चढायला एकमेकींचा हात लागतो. ज्यांच्या घरी लहान मुले किंवा वृद्ध माणसे आहेत, त्यांच्या गैरहजेरीत आळीपाळीने जाऊन पाहायची तयारी न जाणाऱ्या काही भगिनींनी आपण होऊन दाखवली आहे. चित्रलेखेचे नाव कोणी घेत नाही असे मी मघाशी म्हटले. या भगिनींची नावे मात्र आपण स्मरणिकेत छापू.

येणाऱ्यांनी आपली नावे गणेशचतुर्थीच्या आत चिटणीसबाईंकडे द्यावीत, आणि उद्यापासूनच पहाटे टेकडीवर यावे.